वेतनाचा दावा दुसऱ्या न्यायालयात वर्ग करताना या चुका टाळा

अमेरिकेच्या संघीय न्यायालयात थकीत वेतनाचा किंवा ओव्हरटाइमचा दावा दाखल झाला, की तो सोयीच्या जिल्ह्यात वर्ग करण्याचा अर्ज कोणत्याही बाजूने येऊ शकतो. पहिली चूक कलम निवडतानाच होते. दावा मुळातच चुकीच्या जिल्ह्यात दाखल झाला असेल तर अमेरिकी संहितेच्या (यू.एस. कोड) शीर्षक २८ मधील कलम १४०६ लागू होते आणि तो आक्षेप पहिल्याच उत्तरात घेतला नाही तर हक्क जातो. जागा कायदेशीर असून केवळ गैरसोयीची असेल तर अर्ज कलम १४०४ खाली करावा लागतो. त्यातही ज्या जिल्ह्यात दावा सुरुवातीला दाखल करता आला असता, किंवा ज्याला सर्व पक्षकारांची संमती आहे, अशाच जिल्ह्याची मागणी करता येते.

माझ्या मते बहुतेक अर्ज पडतात ते साक्षीदारांच्या मुद्द्यावर. ‘आमचे सर्व साक्षीदार तिकडेच आहेत’ या वाक्याला न्यायालय फारशी किंमत देत नाही. त्याऐवजी प्रतिज्ञापत्रात असे लिहावे: रात्रपाळीची माजी सुपरवायझर त्या जिल्ह्यात राहते, आता ती कंपनीत नाही, आणि हजेरी बंद झाल्यावरही कामगारांना सफाईसाठी थांबवले जाई, हे ती सांगणार आहे. कंपनीच्या चालू नोकरांना कंपनी स्वतः हजर करू शकते, म्हणून खरे वजन अशा बाहेरच्या साक्षीदाराला असते. समन्सने त्याला साधारणपणे राहत्या किंवा कामाच्या ठिकाणापासून १०० मैलांच्या आतच बोलावता येते, याचाही उल्लेख करावा. वकिलाची सोय मात्र मांडूच नये. ती जवळजवळ मोजलीच जात नाही. हजेरीपट आणि पगाराच्या नोंदी संगणकावर असतील, तर त्या कुठे ठेवल्या आहेत यावरही फार शाई खर्च करू नये.

नेमणुकीच्या करारात वाद ठरावीक न्यायालयातच चालवावा असे कलम असेल तर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ‘अटलांटिक मरीन’ निकालानंतर ते कलम वैध असल्यास खाजगी सोयीचा युक्तिवाद चालत नाही. त्यामुळे करार न वाचता अर्ज करणे किंवा त्याला विरोध करणे, दोन्ही महागात पडते.

कामगारांच्या बाजूने होणारी मोठी चूक मुदतीची असते. किमान वेतन व ओव्हरटाइमच्या १९३८ च्या न्याय्य श्रम मानक कायद्याखाली दावा करण्याची मुदत दोन वर्षांची, आणि उल्लंघन जाणूनबुजून केलेले असल्यास तीन वर्षांची आहे. सामूहिक दाव्यात प्रत्येक कामगाराची मुदत त्याचे लेखी संमतीपत्र दाखल होईपर्यंत सरतच राहते, आणि दावा वर्ग करण्याचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून ती आपोआप थांबत नाही. म्हणून निकालाची वाट न पाहता तयार असलेल्या सहकाऱ्यांची संमतीपत्रे आहे त्याच न्यायालयात लगेच दाखल करावीत.