ससा गडद, शेळी फिकट: प्रोटीन ए-एचआरपी वापरताना या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या सोलापूरच्या लॅबमध्ये उस्मानाबादी शेळ्यांच्या सीरमची ब्रुसेल्ला एलायझा (या जिवाणूविरुद्धच्या अँटिबॉडी रंगावरून ओळखणारी चाचणी) लावली होती. सशाच्या कंट्रोलचे वेल (प्लेटवरचे खड्डे) गडद निळे आले, पण आधी पॉझिटिव्ह ठरलेल्या शेळ्यांचे वेल पाणी घातलेल्या ताकासारखे फिकट. "सर, अँटीजेन खराब झालं वाटतं," विद्यार्थिनी म्हणाली. अँटीजेन ठणठणीत होतं. मी कॉन्जुगेटची, म्हणजे अँटिबॉडीला चिकटून रंग आणणाऱ्या जोडपदार्थाची बाटली उचलून पाहिली, तर प्रोटीन ए-एचआरपी (एचआरपी हे त्यातलं रंग आणणारं एन्झाइम).

प्रोटीन ए येतं स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या पेशीभित्तिकेतून. ते मुख्यतः आयजीजीची (रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीची) शेपूट, म्हणजे एफसी भाग धरतं, पण सगळ्या प्राण्यांची शेपूट त्याला सारखी रुचत नाही. ससा, कुत्रा, डुक्कर यांची घट्ट धरतं. माणसाचीही धरतं, फक्त आयजीजी-३ सोडून. शेळी-मेंढीची पकड ढिली, उंदराच्या आयजीजी-१ चीही तशीच. स्ट्रेप्टोकॉकसमधून मिळणारं प्रोटीन जी मात्र शेळी, मेंढी, गाय, म्हैस सगळ्यांना चालतं. घेताना रिकॉम्बिनंटच घ्या, कारण मूळ प्रोटीन जी अल्ब्युमिनलाही चिकटतं. कोंबडीच्या अँटिबॉडीला, म्हणजे आयजीवायला दोन्ही हात लावत नाहीत. आयजीएम (अँटिबॉडीचा आणखी एक प्रकार) शोधायचं असेल, तर या दोघांवर विसंबू नका.

दुसरी चूक याच्या उलट, आणि तिच्यात जास्त दिवस वाया जातात: सगळीच प्लेट निळी. सँडविच एलायझात अँटीजेन दोन अँटिबॉडींमध्ये धरतात: तळाला कॅप्चर अँटिबॉडी असते, वर डिटेक्शन. अँटी-रॅबिट कॉन्जुगेट फक्त सशाची अँटिबॉडी शोधतं. प्रोटीन ए किंवा जीला मात्र वरची डिटेक्शन अँटिबॉडी आणि तळची कॅप्चर यांतला फरक कळत नाही, शेपूट दिसली की धरली. नमुना आणि डिटेक्शन अँटिबॉडी दोन्ही न घालता एका वेलमध्ये फक्त कॅप्चर, ब्लॉकिंग (वेलची मोकळी जागा झाकणारं प्रोटीन) आणि कॉन्जुगेट घाला. तो निळा झाला, तर वॉश कितीही वाढवा, उपयोग नाही. कॅप्चरला कोंबडीची अँटिबॉडी वापरा, मग आयजीवायला हात न लावण्याची त्यांची खोड इथे कामाला येते.

ब्लॉकिंगलाही हेच लागू. सीरम वापरलंत तर त्यातलं आयजीजी वेलला बसतं आणि कॉन्जुगेट त्यावर. दुधातही गाईचं आयजीजी असतं, आणि प्रोटीन जीला ते आवडतं. स्वस्तातल्या बीएसएतही (गाईच्या अल्ब्युमिनमध्ये) ते अंशतः असू शकतं. शंका आली तर फिश जिलेटिन वापरून पाहा.

आता एन्झाइमकडे. बफर टिकावं म्हणून कुणीतरी सोडियम अझाइड घालून ठेवतं आणि पुढच्याची एचआरपी गप्प बसते. तपासायला सोपं आहे: एका ट्यूबमध्ये थोडं टीएमबी (एचआरपीमुळे निळं होणारं रसायन) घ्या, त्यात पातळ केलेल्या कॉन्जुगेटचे दोन मायक्रोलिटर टाका. लगेच निळं झालं तर एन्झाइम जिवंत आहे, दोष दुसरीकडे शोधा. एचआरपीऐवजी अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम असेल तर अझाइड चालतं, पण फॉस्फेट नको. शेवटचा वॉश पीबीएसऐवजी (फॉस्फेट बफर) टीबीएसने (ट्रिस बफर) द्या.

पातळ केलेलं कॉन्जुगेट उद्यासाठी फ्रीजरमध्ये टाकू नका. रोज लागेल तेवढंच ताजं बनवा.

राहिला आपला उन्हाळा. किटच्या कागदावरचं खोलीचं तापमान म्हणजे २२ ते २५ अंश. लाईट गेल्यावर दुपारी तीनची आमची खोली नव्हे. चाळिशीच्या उन्हात प्लेटच्या कडेचे वेल आधी वाळतात, रंगही झपाट्याने चढतो, आणि १५ मिनिटांचं टीएमबी आठव्या मिनिटालाच थांबवावं लागतं. प्लेटला सील लावा, एकावर एक रचू नका. आम्ही मे-जूनमध्ये कॉन्जुगेटपासून पुढचं काम सकाळी दहाच्या आत उरकतो.