अमेरिकन मुलगी सत्रभर घरी राहायला येणार असेल तर

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी आजवर चार अमेरिकन मुलं राहून गेली. ऑगस्टमध्ये आली, सत्र संपवून डिसेंबरात परत गेली. यंदा शेजारच्या वहिनींकडे पहिल्यांदाच एक मुलगी येते आहे. त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते.

कागदांचं आधी उरका. परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन भरावी लागते. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो ती यायच्या आधीच मागवून ठेवा. तारखा वाचताना जपा, अमेरिकेत महिना आधी लिहितात. ५/९ म्हणजे त्यांचा ९ मे.

तिची खोली दाखवताना प्लगचंही सांगा. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरवर बहुधा १००-२४० लिहिलेलं असतं, ते चालतात, फक्त पिन बदलावी लागते. तिथून आणलेला केस वाळवायचा ड्रायर मात्र लावू देऊ नका. पहिल्या मुलीचा दुसऱ्याच दिवशी जळला.

आता जेवण. इथे माझं चुकलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. ती मुलगी मिनेसोटाची. पानात काही टाकायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. आणि रिकामं पान दिसलं की वाढायचं, हे मला. ती पान स्वच्छ करायची, मी पोळी वाढायची, ती पुन्हा संपवायची. आठवडाभर बिचारी रोज रात्री चार-चार पोळ्या खात होती आणि मला वाटत होतं, काय छान भूक आहे! उलट चहाला एकदा ‘नको’ म्हणाली की तिच्या लेखी विषय संपला. आपण दुसऱ्यांदा विचारलं की ती गोंधळायची, आपलं बोलणं कळलं नाही की काय म्हणून. तेव्हा पहिल्याच जेवणाला ‘पुरे’ हा शब्द शिकवा, पानावर आडवा हात धरायलाही शिकवा. आणि तिने हात धरला की खरंच थांबा. आग्रह हे आपलं प्रेम, पण तिला ते कळायला वेळ लागतो.

तिला पाहुणी करून ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती. कॉलेजात सगळे तिच्याशी इंग्रजीतच बोलतात. मराठी येते ती वाण्याकडे आणि भाजीवालीकडे. दुसऱ्या आठवड्यापासून एकटीला मंडईत पाठवा. ‘पाव किलो’, ‘दीड’, ‘अडीच’ हे आधी घोटून घ्या, कारण दीड आणि अडीचला त्यांच्याकडे असा एकच सुटसुटीत शब्द नाही. वार शिकवायला पुण्यासारखं गाव नाही. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा आहेत, नकाशा पुढ्यात घेऊन बसा.

बसच्या पाटीसाठी मराठी आकडे यायलाच हवेत. आपला १ त्यांना इंग्रजी नवासारखा दिसतो, ४ आठासारखा, ७ सहासारखा. मी कागदावर दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी लिहून दाराला चिकटवले होते. पहिल्या दोन फेऱ्यांना सोबत जा, पण पाटी तिलाच वाचू द्या.

घराबाहेर पडताना ‘जाते’ नाही, ‘येते’ म्हणायचं, हेही लवकर सांगा. मुलांना ते फार आवडतं.

नोव्हेंबरात घराची आठवण दाटून येते. चौथ्या गुरुवारी त्यांचा थँक्सगिव्हिंग असतो, सगळं घर जेवायला एकत्र जमतं. मिनेसोटाचं घड्याळ तेव्हा आपल्यामागे साडेअकरा तास, म्हणजे तिकडची गुरुवारची संध्याकाळ ही आपली शुक्रवारची सकाळ. त्या सकाळी तिला कुठेही पाठवू नका, खोलीत निवांत बोलू द्या. त्या सणाला मिनेसोटाच्या त्या मुलीची आजी भोपळ्याचा ‘पाय’, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, करायची. मी लाल भोपळा किसून, गुळात शिजवून घारगे केले आणि गरम गरम खोलीत नेऊन दिले. तिने एक घारगा कॅमेऱ्यापुढे धरला आणि आजीला मराठीतच सांगितलं, ‘भोपळा!’