एफटीसी रोबोटची कॅस्केड लिफ्ट: आधी दोरीचा हिशोब

एफटीसीत, म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेत, सामना सुरू होताना रोबोट १८ इंची घनात मावावा लागतो. उंच पोचायचं तर एकावर एक सरकणाऱ्या स्लाइड हव्यातच. ४० सेंमीची स्लाइड घेतली तर ३० सेंमीच उघडा, १० सेंमी आत राहू द्या. पूर्ण ताणलेली स्लाइड कॅटलॉगात छान दिसते, मैदानात डोलते.

कॅस्केडमध्ये मोटारची दोरी फक्त पहिला टप्पा ओढते, पुढचे टप्पे दोऱ्यांनी मागच्याशी जोडलेले असतात. त्यामुळे पहिला टप्पा एक सेंमी चढला की दुसरा दोन आणि तिसरा तीन सेंमी चढतो. वेग फुकट मिळत नाही. वजनही त्याच पटीत मोटारवर येतं. पहिले दोन टप्पे प्रत्येकी ०.३ किलो, तिसरा पंजासकट १ किलो असेल, तर दोरीवर ०.३ + ०.६ + ३ = ३.९ किलोचा ओढा येतो. पंजातले १०० ग्रॅम कमी केले की दोरीवरचे ३०० ग्रॅम उतरतात. म्हणून मोटार बदलण्याआधी पंजाचं वजन उतरवा.

दोरी गुंडाळणारं रीळ २ सेंमी त्रिज्येचं घेतलं तर ७.८ किलो-सेंमी टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो, घर्षणासाठी दीडपट धरा: सुमारे १२. गोबिल्डा कंपनीच्या ३१२ आरपीएम मोटारचा स्टॉल टॉर्क, म्हणजे मोटार अडून थांबते तेव्हाचा जोर, २४.३ किलो-सेंमी आहे, म्हणजे एकटी मोटार निम्म्या ताकदीवर राबेल आणि तापेल. दोन लावा. मग वेग पाऊणपट टिकतो आणि तीन टप्प्यांची मिळून ९० सेंमी उंची साधारण पाऊण सेकंदात गाठता येते.

दोन्ही बाजूंची रिळं एकाच शाफ्टवर बसवा. वेगळ्या मोटारींवर ठेवली तर एक बाजू पुढे जाते, लिफ्ट तिरकी होते आणि अडकते. सॉफ्टवेअरने हे सावरू, असं म्हणणारे बरेच भेटतात.

खाली ओढणारी दोरी विसरू नका, नुसत्या वजनावर लिफ्ट उतरेलच असं नाही. ती त्याच शाफ्टवर उलट्या दिशेने गुंडाळा. वेढ्यावर वेढा चढला की रिळाचा व्यास बदलतो, एक दोरी सैल पडते आणि पुलीवरून उडते. रुंद रीळ आणि परतीच्या दोरीत एक छोटी स्प्रिंग, एवढं पुरतं. डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी निसरडी असते, साधी गाठ सुटते. टोक स्क्रूभोवती दोन-तीन वेढे देऊन वॉशरखाली आवळा, म्हणजे ताण पुन्हा जुळवता येतो.

वर थांबवायला मोटारचा नुसता ब्रेक मोड (पॉवर शून्य असताना फिरण्याला विरोध करणारी सेटिंग) पुरत नाही, लिफ्ट हळूहळू खाली बसते. वरच्या हिशोबाने दोन मोटारींना प्रत्येकी ०.१६ पॉवर (पूर्ण पॉवर म्हणजे १) लागते, घर्षण मदतीला असल्याने प्रत्यक्षात थोडी कमी. कॅस्केडमध्ये ही पॉवर उंचीनुसार बदलत नाही, त्यामुळे कोडमध्ये एकच स्थिरांक चालतो. तळाशी लिमिट स्विच लावा आणि तो दाबला गेला की दर वेळी एन्कोडर (मोटार किती फिरली हे मोजणारा सेन्सर) शून्यावर आणा.