सूत्रकृमींवर मित्रबुरशी वापरताना या चुका टाळा

गोव्यात वर्षानुवर्षे एकाच जागी वांगी, मिरची किंवा भेंडी घेणाऱ्या शेतकऱ्याला, खतपाणी वेळेवर देऊनही भर दुपारी रोपे माना टाकताना दिसली की सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत घुसणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, संशय येतो. परंतु मित्रबुरशी, म्हणजे सूत्रकृमींचा नाश करणारी उपयोगी बुरशी, विकत आणण्याआधी एक रोप मातीसकट खणून मुळे धुऊन त्यांवर गाठी आहेत का ते पाहणे आवश्यक आहे. मात्र अळसांद्याच्या (चवळीच्या) मुळांवरील नत्राच्या उपयोगी गाठी नखाने सहज सुटतात आणि आतून गुलाबी निघतात, तर सूत्रकृमींची गाठ म्हणजे सुजलेले मूळच असल्यामुळे ती काढू गेल्यास मूळ तुटते.

सर्वांत महागात पडणारी चूक उशिराची आहे. पर्प्युरिओसिलियम लिलासिनम, म्हणजेच पूर्वीची पॅसिलोमायसिस, ही बुरशी प्रामुख्याने सूत्रकृमींच्या अंड्यांत शिरून ती नष्ट करते, त्यामुळे मुळांत आधीच घुसलेल्या सूत्रकृमींनी केलेले नुकसान तिच्याने भरून निघत नाही. एक मादी शेकडो अंडी घालते आणि आपल्या उष्ण हवेत सुमारे महिनाभरात नवी पिढी तयार होते. म्हणूनच बुरशी रोपवाटिकेच्या मातीत आणि लागवडीपूर्वी वाफ्यात पडली पाहिजे. पीक पिवळे पडल्यावर केलेली आळवणी फार तर पुढच्या पिढीला आवर घालते.

पाकीट फोडून भुकटी कोरड्या, तापलेल्या जांभ्या मातीवर भुरभुरणे हेही व्यर्थ आहे, कारण हा सजीव आहे, विष नव्हे, आणि त्याला ओल व सेंद्रिय अन्न लागते. चांगले कुजलेले शेणखत व निंबोळी पेंड यांत ती मिसळून ढीग सावलीत ओल्या गोणपाटाखाली सुमारे 15 दिवस ठेवावा. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकीच ओल असावी.

कुळागरात (सुपारीच्या बागेत) मिरवेलीला, म्हणजे काळ्या मिरीच्या वेलीला, बुरशी देणाऱ्यांनी बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशकाचे, भान ठेवावे. सुपारीची फळे कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी माडीवर (सुपारीच्या झाडावर) फवारलेले त्यातील तांबे ठिबकून मातीत उतरते आणि बुरशीला मारक ठरते, म्हणून दोन्हींत किमान दोन आठवड्यांचे अंतर हवे. मुदत संपलेले किंवा उन्हात राहिलेले पाकीट घेऊच नये.

शेवटची तोडणी झाल्यावर गाठाळलेली मुळे वाफ्यातच सोडणे म्हणजे पुढच्या हंगामासाठी अंडी राखून ठेवणे होय. ती उपटून, वाळवून जाळावीत आणि तेथे निदान एक हंगाम झेंडू घ्यावा.