१९७७ चा हुरूप आणि २०१४ चा, तुलना कशी करायची?

मोरारजी देसाईंचं सरकार आलं तेव्हा लोकांत जास्त आशा होती की मोदींचं आलं तेव्हा? आमच्या कट्ट्यावर हा वाद रंगला की मी आधी एकच अट घालतो: ‘तेव्हा लोक किती खूश होते!’ या आठवणी बाजूला ठेवा. आठवणीत पुढचं सगळं मिसळलेलं असतं.

ग्रंथालयात जा आणि शपथविधीनंतरच्या पहिल्या महिन्याचे अंक काढा. मोरारजींसाठी २४ मार्च १९७७ पासून, मोदींसाठी २६ मे २०१४ पासून. अग्रलेख सोडा, वाचकांची पत्रं वाचा. कोण सुटकेचा नि:श्वास टाकतंय आणि कोण नोकरी, स्वस्ताई मागतंय, ते वेगवेगळं टिपा. आणीबाणी उठल्याचा आनंद म्हणजे भविष्याबद्दलची आशा नव्हे. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

मग नकाशा घ्या. १९७७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या ८५ च्या ८५ जागा काँग्रेसनं गमावल्या, पण आंध्रात ४२ पैकी ४१ जिंकल्या. मग ‘देश आनंदला’ म्हणजे नेमका कुठला? २०१४ मध्ये भाजपच्या २८२ जागांमागे मतं होती ३१ टक्के.

अलीकडच्या काळासाठी रिझर्व्ह बँकेचा ग्राहक विश्वास निर्देशांक आहे. १०० च्या वर आशावाद. त्यात ‘सध्याची स्थिती’ आणि ‘वर्षभरानंतरची अपेक्षा’ वेगळ्या असतात. आपल्याला दुसरी हवी. १९७७ साठी असं काही नाही, तिथे पत्रांवरच भागवायचं.