बोअरचा सर्व्हे: आलेख जुळला तरी या चुका टाळा

निफाडकडच्या एका शेतात मी नवखा असताना रेझिस्टिव्हिटी सर्व्हे केला, म्हणजे जमिनीत सळया रोवून करंट सोडला आणि खालचे थर विजेला किती अडवतात (रोधकता) ते वरून मोजलं. मोजलेले ठिपके आणि मॉडेलची, म्हणजे मी धरलेल्या थरांची, रेघ एकावर एक अशी बसली की मालकाला छातीठोकपणे सांगितलं, "दादा, इथंच मारा." बोअर मारला. नुसता फुफाटा उडाला.

थर माहीत असतील तर वरचं रीडिंग काढता येतं. रीडिंगवरून थर ओळखणं हा उलटा प्रश्न. फ्रेंच गणितज्ञ जाक आदामार यांनी १९०२ साली नीट मांडलेल्या प्रश्नाची कसोटी सांगितली: उत्तर असावं, एकच असावं, आणि रीडिंग जरासं हललं तर उत्तरही जरासंच हलावं. आमच्या धंद्यात शेवटच्या दोन अटी हमखास मोडतात.

माझी चूक एकच उत्तर धरून बसण्याची. दोन कडक पाषाणांच्या मध्ये, बरंच खोल, १० ओम-मीटर रोधकतेचा ५ मीटर जाड थर असू शकतो किंवा २० ओम-मीटरचा १० मीटर जाड. जाडी भागिले रोधकता दोन्हीकडे ०.५, म्हणून वरून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. पहिला चिकणमातीचा निघू शकतो, दुसरा पाणी धरलेला मुरूम. आता मी बेझियन पद्धतीने, म्हणजे आधीची माहिती आणि रीडिंग दोन्ही धरून, हजारो मॉडेलं चालवतो आणि रीडिंगशी जुळणारी सगळी पुढ्यात ठेवतो. मालकाला एक आकडा देत नाही, इतक्यापासून इतक्यापर्यंत असा पट्टा देतो. त्याला ते आवडत नाही, हेही खरं.

दुसरी चूक: रीडिंगमध्ये ५ टक्के गोंगाट (मोजताना कधी इकडे, कधी तिकडे होणारी चूक) असताना १ टक्क्यापर्यंत जुळवत बसणं. तेवढं जुळलं की आपण गोंगाटालाच थर समजतो. गोंगाट किती, हे अंदाजाने ठरवू नका. करंटच्या आणि व्होल्टेजच्या सळयांची अदलाबदल करून पुन्हा मोजा. दोन्ही रीडिंग सारखीच यायला हवीत. जेवढा फरक पडेल त्यावरून गोंगाटाचा अंदाज येतो.

पण द्राक्षबागेतल्या तारा आणि जमिनीत रोवलेले लोखंडी अँगल हा गोंगाट नव्हे. करंट तिकडूनच पळतो, रीडिंग दरवेळी एकाच बाजूला झुकतं आणि शंभर वेळा मोजून सरासरी काढली तरी झुकलेलंच राहतं. सळयांच्या अदलाबदलीतही हा झुकाव पकडला जात नाही. लाइन बागेपासून लांब न्या. आणि सुक्या मुरमात सळईचा जमिनीशी नीट संपर्क व्हावा म्हणून तिच्या बुडाशी मिठाचं पाणी ओता.

तिखोनोव्ह पद्धतीत लगतच्या थरांत मोठी उडी आली की मॉडेलला दंड बसतो. हा गुळगुळीतपणाचा दंड लावणारे म्हणतात, "आम्ही काहीच गृहीत धरत नाही." धरता की! उडीच्या वर्गावर बसणारा तो दंड म्हणजे गाउसियन (घंटेच्या आकाराचा) पूर्वअंदाजच, म्हणजे मोजण्याआधीच धरलेलं मत. मुरूम संपून काळा पाषाण लागतो ती धारदार सीमा तो पुसट करतो.

सॉफ्टवेअर तपासायला त्याच मॉडेलने बनवलेला डेटा त्यालाच पुन्हा सोडवायला देऊ नका. पेपर आपणच काढून आपणच सोडवल्यासारखं होतं.

शेजारच्या विहिरीतले थर पूर्वअंदाजात जरूर घ्या. मात्र एकदा रीडिंग काढून टाकून फक्त पूर्वअंदाजावर मॉडेल चालवून बघा. उत्तर तेच आलं, तर सर्व्हेने काही सांगितलेलं नाही. ते शेजारच्या विहिरीनेच सांगितलंय.