कोल्हापुरात हौसेनं नेमबाजी शिकायची तर क्लब कसा शोधावा

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार. उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात हिशेबाचं काम बाजूला सारून आम्ही सात जण एका मोबाइलभोवती उभे होतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची फायनल चालू होती आणि त्यात आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे होता. गुडघ्यावर बसून मारायच्या फेरीनंतर तो सहावा होता. पालथं पडून मारायची फेरी झाली, मग उभ्यानं मारायची आली आणि तो एकेक करत वर सरकला. ४५१.४ गुण, ब्राँझ. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, कुणीतरी पेढे आणायला पळालं. माझ्या मात्र डोळ्यांसमोरून एकच गोष्ट हलेना. गोळी सुटल्यावरही त्याचा गाल दस्त्यावर तसाच टेकलेला होता.

त्या रात्री घरी सांगितलं, मला हे शिकायचंय. नवरा म्हणाला, "अगं, पण ते लहान मुलांना लावतात ना?" मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची. हाच प्रश्न पुढं मला निदान वीस जणांनी विचारला, म्हणून आधी त्याचं उत्तर देते. आपल्या कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंत टोकियो ऑलिंपिकला उतरल्या तेव्हा चाळीस वर्षांच्या होत्या. २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळालं तेव्हा त्यांचं वय एकोणतीस. या खेळात धावायचं नसतं, उडी मारायची नसते. स्थिर उभं राहायचं असतं आणि ते चाळिशीतही शिकता येतं. मला ऑलिंपिकला जायचं नव्हतं. आठवड्यातले तीन दिवस डोकं एका काळ्या ठिपक्यावर ठेवायचं होतं, एवढंच. तुम्हीही तसेच असाल तर हे तुमच्यासाठी लिहितेय.

कोल्हापुरात शोधायला फार लांब जावं लागत नाही. दुधाळीच्या रेंजचं नाव गावात बहुतेकांना माहीत असतं. शहरातल्याच संभाजीनगर भागात विभागीय क्रीडा संकुल आहे. शिवाय १० मीटरची एअर रायफल आणि एअर पिस्तूल शिकवणाऱ्या छोट्या खासगी रेंज असतात. दहा मीटरला लागते किती जागा? एक लांबट हॉल पुरतो. त्यामुळे पत्ता मिळवणं अवघड नाही, त्यातला चांगला कुठला हे ओळखणं अवघड. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. शालेय नेमबाजी स्पर्धा तेच भरवतात, त्यामुळे कुठल्या क्लबची मुलं खरोखर खेळतात हे तिथं कळतं. मला सगळ्यात खरी माहिती मात्र त्या स्पर्धेला आलेल्या पालकांनी दिली. फी किती, सर रोज येतात का, बंदूक बिघडली तर काय होतं, हे आयांइतकं कुणाला ठाऊक नसतं.

माझी पहिली निवड चुकली. घरापासून जवळ म्हणून एका ठिकाणी गेले, वर्षाची फी एकदम भरली. नाव सांगत नाही. तिसऱ्याच दिवशी पाहिलं, दोन मुलं टार्गेटची कार्डं बदलायला पुढं गेली होती आणि शेजारच्या लेनवर एक गृहस्थ रायफल खांद्याला लावून उभे होते. छर्रा भरलेला होता की नाही कुणी विचारलं नाही. शिकवणारे बाहेर फोनवर. मी त्या मुलांना हाक मारून मागं बोलावलं, पिशवी उचलली आणि परत गेले नाही. पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, फीबद्दल विचारायच्या आधी एक तास रेंजच्या मागच्या बाकावर नुसतं बसा. बंदुकीला हात लावू नका, फक्त बघा.

काय बघायचं? कुणीही रेषेच्या पुढं जाण्याआधी सगळ्या बंदुका टेबलावर ठेवल्या जातात का. नळीतून रंगीत दोरा आरपार दिसतो का. याला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. तो घातलेला असला की छर्रा भरलेला नाही हे लांबूनही कळतं. माझ्या आत्ताच्या क्लबात यासाठी गवत कापायच्या मशिनची नारिंगी नायलॉनची तार वापरतात. स्वस्त आहे, पण एकाही बंदुकीला ती नाही असं होत नाही. "लोड", "स्टार्ट", "स्टॉप" हे हुकूम मोठ्यानं दिले जातात का आणि "स्टॉप" म्हटल्यावर खरंच सगळे थांबतात का. या क्लबात मी आधी बाकावर बसले, त्या तासाभरात सर एका मुलाला ओरडले, कारण त्यानं मित्राशी बोलायला वळताना नळीही सोबत फिरवली होती. बंदूक रिकामी होती. तरी त्याला त्या दिवशी पुन्हा रायफल मिळाली नाही. मी दुसऱ्या दिवशी तिथंच नाव घातलं.

दुसरं विचारायचं ते संलग्नतेचं. क्लब जिल्हा संघटनेमार्फत राज्याच्या रायफल असोसिएशनशी जोडलेला आहे का? आज तुम्हाला स्पर्धा खेळायच्या नसतील, पण वर्षभरानं वाटेलच. मग जिल्हा, राज्य आणि पुढं राष्ट्रीय स्पर्धेआधीची मावळणकर स्पर्धा अशी वाट असते. हे मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन उभी राहिली ती त्यांच्या पुढाकारानं. एका मराठी माणसाचं हे काम आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तिसरं, क्लबच्या स्वतःच्या बंदुका किती आणि त्या नवख्यांना मिळतात का. आणि मोठ्यांसाठी वेगळी वेळ आहे का. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुलांची गर्दी असते, लेन मिळत नाही. आमच्याकडं नोकरी करणाऱ्यांना सकाळी साडेसहा ते आठ ठेवलंय. मी महिन्याला पंधराशे देते, क्लबची रायफल त्यातच. छर्रे आपले. दिवसाला साठ-सत्तर मारले आणि आठवड्यातून तीनदा गेलं तर पाचशेचा डबा अडीच आठवड्यांत संपतो. हा खर्च आधी कुणी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवते.

आता पहिल्या दिवसाबद्दल. सरांनी विचारलं, "ताई, तुमचा डोळा कुठला?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करायला लावली आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. मग एकेक डोळा मिटायचा. उजवा उघडा ठेवला तर घड्याळ खिडकीतून निघून गेलं, डावा उघडा ठेवला तर जागेवर राहिलं. म्हणजे मी उजव्या हातानं लिहिणारी, पण माझा जोर डाव्या डोळ्याचा. अशा वेळी काही जण डाव्या खांद्यावरून शिकतात. मी उजव्याच खांद्यावर राहिले आणि डाव्या डोळ्यापुढं एक पट्टी लावते. तिला ब्लाइंडर म्हणतात, रुंदी जास्तीत जास्त ३० मिलिमीटर चालते. डोळा मिटून घ्यायचा नसतो, मिटला की दुसऱ्यावरही ताण येतो. हे घरी आजच करून बघा. जिथं तुम्हाला हे विचारतही नाहीत, तिथं शिकवण्याची काय कथा!

त्या दिवशी छर्रा मिळाला नाही. पुढचे अकरा दिवसही नाही. रायफल घेऊन उभं राहायचं. ही रायफल नियमानं साडेपाच किलोपर्यंत असू शकते, आणि ती हाताच्या ताकदीवर धरायची नसते. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, म्हणजे वजन हाडांवरून सरळ पायांत उतरतं. पहिल्या आठवड्यात मी दंडानं उचलत होते आणि रात्री हात भरून येत होता. मग एके सकाळी कोपर नेमकं जागेवर बसलं आणि बंदूक एकाएकी हलकी झाली. ते सांगून कळत नाही, होऊ द्यावं लागतं. त्यानंतर नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवून रिकामा ट्रिगर दाबायचा. नाणं पडलं की तुम्ही बोट ओढलंत. नाणं राहिलं की दाबलंत. माझं नाणं सलग दहा वेळा राहिलं तेव्हा सरांनी छर्र्यांची डबी पुढं केली.

नवीन माणसाला यात कंटाळा येतो. आमच्या बॅचमधले दोघं याच टप्प्यावर गेले. "पैसे भरलेत तर मारू द्या की वो," असं त्यातले एक जण म्हणाले होते. जो क्लब पहिल्याच दिवशी पन्नास छर्रे मारू देतो तो तुम्हाला खूश करतोय, पण वाईट सवयीही लावतोय. त्या मोडायला पुढं वर्ष जातं.

टार्गेट किती लहान असतं याची कल्पना करून बघा. दहा मीटरच्या एअर रायफलच्या कार्डावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेनाच्या टोकाएवढा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. म्हणजे ठिपक्यापेक्षा छर्राच मोठा! एअर पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, कारण ते एका हातानं धरायचं. एअर रायफलच्या स्पर्धेत साठ शॉट, प्रत्येकाला दशांशात मोजून जास्तीत जास्त १०.९ गुण. कुणाला रायफल आवडते, कुणाला पिस्तूल. महिनाभर दोन्ही धरून बघा. कोल्हापूरनं राही सरनोबतसारखी पिस्तूल नेमबाजही दिली आहे, २०१८ च्या एशियाडमधली सुवर्णविजेती. मला रायफलीचा गालाला लागणारा थंड दस्ता आवडला, म्हणून मी इकडं राहिले.

खरेदी. सहा महिने काहीही घेऊ नका. परदेशी बनावटीची चांगली रायफल लाखांच्या घरात जाते. भारतीय बनावटीच्या त्यापेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात आणि शिकायला पुरतात. जुनी घेणार असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. त्यात २०० बार दाबानं हवा भरतात आणि त्याची मुदत दहा वर्षांची असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि एरवीही धोक्याचा. नेमबाजीचं जाकीट मात्र जुनं घ्यायला हरकत नाही. पोरं दोन वर्षांत उंच होतात, जाकीट आखूड पडतं. आमच्या क्लबच्या कपाटात अशी पाच-सहा टांगलेली आहेत. माझं बारावीतल्या एका मुलीचं आहे. बटणं सरकवून घेतली, झालं. पण अंगाला बसतं का हे सरांच्या समोर बघा. सैल जाकीट पाठीला आधार देत नाही.

कायद्याचं थोडक्यात. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. .२२ रायफल हे मात्र अग्निशस्त्र आहे, तिला शस्त्र कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडचा परवाना लागतो, पोलिसांची चौकशी होते. एनसीसीत .२२ चालवलेले पुष्कळ जण आपल्याकडं आहेत आणि त्यांना थेट तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. आधी दहा मीटर करा, क्लबला तुम्ही ओळखीचे होऊ द्या. परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल खेळणं होत नाही, हेही सांगायलाच हवं. गच्चीवरून, मळ्यात, पाखरांवर, माकडांवर ती चालवू नका. वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे आणि गल्लीत कुणाच्या डोळ्याला छर्रा लागला तर ते कधीच भरून येत नाही. मी क्लबची बंदूक कधी नेते ती पेटीत बंद, बिलाची प्रत आत. एकदा बसस्टॉपवर एका आजोबांनी विचारलं, "पेटी वाजवायला शिकतीस व्हय?" मी हो म्हटलं नाही. बसून त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या नातवाचं नाव आता क्लबात आहे.

मुलांबरोबर शिकायची लाज बाळगू नका. मला छर्रे तपासायला नववीतल्या एका मुलीनं शिकवलं. डबीतून एकेक काढायचा, त्याच्या मागच्या परकरासारख्या पसरट भागाची कड गोल आहे का बघायची, चेपलेला बाजूला ठेवायचा. "काकू, हा वाकडा जाणार," ती म्हणायची, आणि तो वाकडाच जायचा. ग्रुपिंग म्हणजे काय हेही मला तिच्याच कार्डावरून कळलं. पाच भोकं एका जागी, जरी ती सातच्या वर्तुळात असली तरी. साइट, म्हणजे बंदुकीवरचं नेम धरायचं साधन, दोन क्लिक फिरवली की तीच पाच भोकं मध्यात येतात. विखुरलेल्या भोकांना साइट काही करू शकत नाही.

पहिल्यांदा जाताना आधार कार्डाची प्रत, दोन फोटो आणि सपाट तळाचे बूट एवढं न्या. जाड तळाचे धावायचे बूट नकोत, त्यावर शरीर डुलतं. सकाळी जाणार असाल तर थोडं खाऊन जा. रिकाम्या पोटी हात थरथरतो आणि चहा दोन कप झाला तरी थरथरतो. आणि छर्रे शिशाचे असतात, बोटं काळी होतात. रेंजवरून निघताना साबणानं हात नीट धुवा, मगच बाहेरच्या गाडीवर मिसळ खायला थांबा.